क्लबाचा कापूस

मैदान दिसलंच नाई मले.

चुलतभावाच्या लग्नासाठी किती दिवसांनी वर्ध्याले आली, टेशनावरून रिक्शा केली अन् रिक्शावाल्याले मुद्दाम म्हटलं, भाऊ, जिनिंगच्या मैदानाकडून घे ना, लांब पडलं तरी चालन. त्यानं घेतली. अन् जिथी आपले गोलपोस्ट होते तिथी कापूस! गंजी लागलेली, डोंगरावानी, अन् त्या डोंगरावर दोन बाया चढून पायानं कापूस तुडवून राह्यल्या. एकीनं पदर नाकाले बांधलता. ती जिथी उभी होती ना, अंदाजानं सांगते, तिथूनच आमचा सोमा बॉल घेऊन डाव्या बाजूनं आत घुसे. मी रिक्शात उभीच राह्यली. रिक्शावाला म्हणे, "बाई, बसा ना, पडसान."

बसली. पण वास आला ना! जिनिंगचा वास ज्यानं घेतला नाई त्याले कसा सांगू? गरम तेल, सरकी, धूळ, बैलायचं शेण, अन् या साऱ्यायच्या खाली एक कोरा कोरा वास, नव्या कपड्यासारखा. आमचं घरच फाटकासमोर. दसऱ्यापासून होळीपर्यंत आमच्या वरणात तो वास, उशीत तो वास, शाळेच्या पुस्तकात तो वास. सरकी काढणाऱ्या रेच्यायचा आवाज दिवसभर. बंद झाला का कानाले कसं तरी वाटे, कोणीतरी घरातून उठून गेल्यासारखं.

थांबा, मी लय घाईनं सांगून राह्यली. आधी बोरा सांगते, नाईतर काहीच समजणार नाई.

आमच्या फुटबॉलच्या क्लबाले ना सरकारचा पैसा होता ना कोण्या गिरणीचा. पुलगावच्या डेपोवाल्यायले साहेब होता, रेल्वेवाल्यायले रेल्वे होती, हिंगणघाटवाल्यायले गिरणी होती. आमाले बोरा होता, गोणपाटाचा. जिनिंगच्या फाटकाच्या खांबाले टांगला राहे. कापसाची बंडी आत शिरताना बंडीवाला आपल्या कापसातून एक मूठ काढे अन् त्या बोऱ्यात टाके. एक मूठ देवाले, एक मूठ गोरक्षणाले, अन् एक मूठ फुटबॉलले. कोणी हुकूम देल्ला नव्हता, कोठी लिहिलं नव्हतं. बोरा भरला का जिनिंगचे शेठ तो कापूस बाजारभावानं घेत, खाली करून पुन्हा टांगत. त्या पैशात पावसाळ्यात बॉल येत, जर्श्या येत, नागपूरची तिकिटं निघत. तवा आपण अजून मध्यप्रदेशात होतो, नागपूर राजधानी होती, अन् तिथल्या टीमचा तोराही राजधानीचा. आमची पोरं मैदानात उतरली का ते ओरडत, "सरकी आली रे, सरकी!" मंग सोमा त्यायले सरकी दाखवे.

माहे बाबा शाळेत डिरील मास्तर, अन् क्लबाचे म्यानेजर. म्यानेजर म्हणजे सारंच. टीम निवडणं, पोरायले पळवणं, बॉलाची शिवण, भांडणं. पगार काहीच नाई. मोसमात शाळेच्या आधी ते फाटकाशी जाऊन उभे राहत. बोऱ्यापाशी नाई, उलीसे बाजूले. बंडी आली का म्हणत, "काय हो पाटील, तांब्या बैलाचा खूर बरा झाला का?" "बुढीचे डोळे दाखवले का सेवाग्रामले?" पाटील उत्तर देता देताच हात मांगं नेई, मूठ काढे अन् टाके. मले तवा वाटे बाबा नुसत्या गप्पाच मारून राह्यले.

आता पावसाळा. पोरीनं मैदानावर जायची पद्धत नव्हती. म्हणून मी मॅच कानानं पाह्यली. आंगणातल्या भिंतीले पाठ टेकून बसायची, तांदूळ निवडायचं सोंग, अन् कान भिंतीपलीकडच्या मैदानात. ओला बॉल लागला का थप्प असा आवाज ये, अन् बूट नसलेल्या पायाचा आवाज वेगळा, मऊ. तो आमचा. बाबाची शिट्टी वेगळी, रेफरीची वेगळी. सोमाकडे बॉल गेला का सारं मैदान एकदम गप्प होई, मंग एक लांब आऽऽऽ, अन् त्या आऽऽऽ च्या शेवटी मले समजे, आत का बाहेर. सोमा जंगलाकडच्या गोंडाच्या गावचा, जिनिंगमधी गठाणी वाहे. पळताना स्वतःशीच काहीतरी बोले, त्याच्या बोलीत. एकदा आईनं इचारलं, "काय म्हणत राह्यतो रे बॉल घेऊन?" लाजून म्हणे, "काई नाई माय. बैलाले म्हणतो तसंच."

अन् उन्हाळा? उन्हाळ्यात ना कापूस ना फुटबॉल. उन्हाळ्यात फक्त बोलणं.

आमच्या खिडकीसमोर बबनचा पानठेला. संध्याकाळी ठेल्यासमोर पाणी मारलं का मातीचा वास ये, त्यात कातचुन्याचा, अन् मंग बाकं भरत. मुख्य माणूस गुलाबराव मुन्शी, वकिलाकडे कामाले, पांढरी टोपी, आवाज असा का कोर्टात पुकारा करून राह्यला. त्यानं जिंदगीत बॉलाले पाय लावला नाई, पण कोणाचा पाय कसा पडला ते त्याले इचारा.

"औंदा मास्तर जाते म्हणे."

"कोण म्हणे?"

"सारे म्हणून राह्यले."

"सारे म्हणजे तूच ना बे?"

"मी तर उलीसंच म्हटलं, बाकीच्यायनं वाढवलं. शेठ नागपूरहून म्यानेजर आणून राह्यले. कोटवाला. कलकत्त्याले खेळून आला म्हणे."

"कलकत्त्याले खेळला का नुसता कलकत्ता पाहून आला?"

अन् हसणं! मीही खिडकीच्या आत तोंडाले पदर लावून हसे. खरं सांगते, मले लय आवडे ते. कोणता खेळाडू रेल्वेवाले पळवून राह्यले, शेठचा हात औंदा आखडला का, रेल्वेवाला साहेब बदलला तर त्यायची टीम टिकन का, सारं आयकायची. बाबा घरात बसून आयकत अन् म्हणत, "बोलू दे. बोलते म्हणून तर येते मॅचले."

मंग तो पावसाळा आला. आदल्या मोसमात कापसाचा भाव पडलता, बोऱ्याचे पैसे कमीच आले, नवा बॉल आला नाई. जुन्याच बॉलाले दोनदा शिवून बाबानं काम चालवलं. रेल्वेवाल्यायसंगच्या मॅचात तो पाणी पिऊन धोंड्यावानी झाला, अन् हाफटायमानंतर शिवण उसवली. चार गोल बसले. मी भिंतीच्या अल्याड आयकून राह्यली, आमच्या लोकायचा आवाज हळूहळू खाली बसला, शेवटी फक्त रेल्वेवालेच ओरडून राह्यलते.

त्या दिवसापासून ठेल्यावरचं हसणं बदललं.

"बोऱ्याचा पैसा गेला कुठी, हा सवाल हाय माहा." गुलाबराव.

"भाव पडलता ना, भाऊ."

"भाव पडला, कापूस तर पडला नाई ना?"

आपल्या वावरातल्या कापसाचा भाव पडला हे साऱ्यायले माहीत. बाया रडल्या, लग्नं पुढे गेली. पण क्लबाच्या बोऱ्यातला कापूस जसा काही सोन्याचा!

पुढचा मोसम बरा गेला. बोरा फुगून फुगून भरला. अन् उन्हाळ्यात माहं लग्न ठरलं.

लग्न ठरलं म्हणजे गादी आली. आमच्याकडे पोरीच्या रुखवतात बाकी काही कमी असलं तरी चालते, गादी पाह्यजे. माहा मामा देवळीकडचा. तो बंडीवर बोरा घालून सरकी काढलेला कापूस घेऊन आला, पहिल्या वेच्यातला अन् शेवटी उरल्यासुरल्या बोंडायच्या फरदडीचा, सारा एकत्र. भाचीच्या गादीले कोण निवडत बसते! दुसऱ्या दिवशी पिंजारी कासमभाई आला अन् आमच्या ओसरीत कापूस पिंजायची धुनकी लावून बसला. तो आवाज! टंङ, टंङ, धुम्म. टंङ, टंङ, धुम्म. अख्ख्या घरात कापूस उडून राह्यला, आईच्या केसात, चुलीच्या राखेवर, माह्या पापणीवर. कासमभाई म्हणे, "बेटी, ऐसी गद्दी बनाऊंगा, सास उठाएगी तो भी नहीं उठोगी." मी लाजून आत पळाली. मले वाटलं, हा माह्या लग्नाचाच आवाज हाय.

कापूस उडत उडत रस्त्यापलीकडे गेला. बबन ओरडला, "ओ कासमभाई, पानाले मिशा आल्या ना माह्या!" सारे हसले. अन् एक पुंजका गुलाबरावच्या टोपीवर बसला. त्यानं तो काढला. आता आमच्या मुलखातला माणूस हातात कापूस आला का फेकत नाई. तो ओढून पाह्यते. अंगठ्यात धरून, हळूहळू, बाजारात अडत्या पाह्यते तसा. गुलाबरावनं ओढला. पुन्हा ओढला. अन् म्हणे,

"बबन, हे पाह्य. यात धागा लांबही हाय अन् आखूडही हाय."

"मंग?"

"मंग काय मंग? एका वावरातला कापूस असा राह्यते का?"

"नाई राहत, बावा."

"दहा घरचा कापूस मूठ मूठ करून कोठी मिसळते?"

साऱ्यायनं फाटकाच्या खांबाकडे पाह्यलं. मी खिडकीत होती, मी पाह्यलं त्यायले पाहताना. अन् कासमभाईची धुनकी चालूच होती. टंङ, टंङ, धुम्म.

बस. एवढंच. गाडी पुलगावले पोचत नाई तेवढ्या वेळात ते गावभर गेलं. आखाडीपर्यंत शाळेतली पोरं डिरीलच्या रांगेत मांगून हळूच म्हणत, "गादी, गादी." बाबानं शिट्टी फुंकली का जरा जोरानं. शेठनं बोलावलं अन् म्हटलं, "मास्तर, मी नाई म्हणत. लोक म्हणून राह्यले. याचा निकाल लागेपर्यंत बोऱ्याचा पैसा मी हातचा सोडत नाई." मॅचा तोंडावर आल्या अन् पोरं चिंध्यायच्या बॉलावर पळून राह्यली.

आई घरात तळमळे. "अवो, आयकता का? जा ना तिथी, सांगा एकदा, माह्या भावाच्या वावरातला हाय म्हणा. नाईतर मी बोलावते भावाले देवळीवरून."

बाबा म्हणत, "कोणी इचारलं का मले? एकानं तरी इचारलं? इचारलं तर सांगन."

"अन् नाई इचारलं तर?"

"नाई इचारलं तर त्यायले सांगून काय होते?"

मले आजही राग येते त्या उत्तराचा. तोंडानं एक वाक्य बोलायचं होतं, एक! ठेल्यापर्यंत चार पावलं नाई. पण ज्या लोकायच्या बैलायचे खूर त्यायले पाठ, त्यायच्यापुढे जाऊन मी चोर नाई म्हणायचं, हे त्यायच्या गळ्याखाली उतरत नसन. का काय असन ते मले माहीत नाई. मी कधी इचारलं नाई, अन् आता इचारताही येत नाई.

मंग त्या सकाळी बाबानं माही गादी आंगणात काढली. नवी, निळ्या पट्ट्यायची, कासमभाईच्या हातचे टाके. अन् ब्लेडनं ते टाके कापाले लागले. मी आवाजानं बाहेर आली. आई चुलीपासून धावली.

"अवो, हे काय करून राह्यले? पोरीच्या रुखवताची हाय ती!"

"पोरीले दुसरी करू. तिले वेळ हाय. पोरायचा बॉल थांबून हाय." माह्याकडे पाह्यलं नाई त्यायनं. "कापूसच पाह्यजे ना साऱ्यायले? घ्या म्हणा कापूस. आपल्याजवळ हाय तर देऊ. मिटलं."

त्यायले खरंच वाटलं का मिटन. मले माहीत हाय, वाटलं. तेवढे साधे होते. चादरीत सारा कापूस बांधला, गाठोडं डोक्यावर घेतलं अन् भर दिवसा, पानठेल्याच्या समोरून, रस्ता ओलांडून फाटकाशी गेले. बोऱ्याचं तोंड उघडलं अन् दोन्ही हातायनं आत टाकाले लागले. कापूस त्यायच्या मिशीले लागला, सदऱ्याले लागला. मी खिडकीची सळई धरून होती. बाकावरचे सारे उभे राह्यले. रेचे चालू नव्हते, पावसाळाच तो, म्हणून सारं आयकू येत होतं. गाठोडं झटकल्याचा आवाजही.

अन् गुलाबराव म्हणाला, मोठ्यानं नाई, हळूच, अगदी समाधानानं, गोल झाल्यावर म्हणतात तसं:

"आणून देल्ला. देल्ला ना शेवटी आणून!"

बबननं कपाळाले हात लावला. "मंग खरंच होतं, बावा."

बाबा रिकामी चादर घडी करत परत आले. काय झालं ते त्यायले दारात आल्यावर समजलं, आईचं तोंड पाहून. मंग ते ओसरीत बसले, जिथी कासमभाई बसलता तिथीच, अन् सदऱ्यावरचा एक एक पुंजका वेचत राह्यले. आईनं भाकर आणून ठेवली. ती तशीच राह्यली, पापुद्रा कडक होऊन गेला.

शेठनं त्यायले काढलं नाई, असं शेठ म्हणत. "मास्तरनं आराम करावा," एवढंच म्हटलं. नागपूरहून नवा म्यानेजर आला. कोट होता. कलकत्ता खेळला का पाह्यला ते शेवटपर्यंत समजलं नाई. बॉल आला, नवा, पिवळा, चामड्याचा वास येणारा. मी भिंतीशी बसली तर त्याचा थप्प आवाज कसा कोरडा कोरडा येई. पोरं खेळली, हरली, जिंकली. मले काही आयकावसं वाटलं नाई. मी खरंच तांदूळ निवडले त्या पावसाळ्यात.

अन् मोसम आला. बंड्या आल्या. नव्या म्यानेजरनं खांबावर पाटी लावली, प्रत्येक बंडीमागे एक मूठ कापूस देणे. सही. खाली चौकीदाराले उभा केला. पहिलाच बंडीवाला थांबला, पाटी वाचता येत नव्हती म्हणून चौकीदाराले वाचायले लावली, अन् म्हणे, "देणे? कोणाचं देणं हाय बा माह्याकडे?" कासरा झटकला अन् आत गेला. त्याच्या मांगचाही गेला. एकजण मात्र थांबून इकडेतिकडे पाहत राह्यला. म्हणे, "मास्तर नाई दिसून राह्यले? गाय व्याली, सांगाचं होतं." मंग तोही गेला. तो बोरा त्या मोसमात खांबाले असा लोंबला जसं काही कोणं कातडं वाळत घातलं.

पुढच्या पावसाळ्यात कोटवाला परत आला नाई. क्लबही नाई. सोमा एक दिवस घरी आला, बाबाच्या पाया पडला, म्हणे नागपूरच्या गिरणीवाल्यायनं बोलावलं. बाबा म्हणे, "जाजो. बूट घालशीन तर फोड येतील, पह्यले पंधरा दिवस रडजो, मंग सोडू नोको." आईनं त्याले भाकर बांधून देल्ली. तो दिसेनासा होईपर्यंत बाबा ओसरीत उभे होते, अन् मंग आत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले, दिवसाढवळ्या.

माहं लग्न झालं. दुसरी गादी झाली नाई. मामा कापूस घेऊन यायले तयार होता, आईच म्हणाली, "नोको दादा, आता या दारात कापूस नोको." सासरी पहिल्याच दिवशी सासू म्हणे, "वर्ध्याची पोरगी, कापसाच्या मुलखातली, अन् सतरंजीवर आली वो!" साऱ्या बाया हसल्या. मी काय सांगू? कोठून सुरू करू? बोऱ्यापासून?

बाबाले जाऊन दोन पावसाळे झाले. शेवटपर्यंत शाळेत जाताना ते बोरगावकडून वळसा घालून जात. फाटकासमोर घर, अन् मागच्या दारानं निघत. त्यायची शिट्टी आई अजून पुसून ठेवते, मी घेतली नाई.

तर आज ती रिक्शा. गंजीपासून पुढे गेली अन् पानठेल्याशी आली, अन् बाक तसंच. गुलाबरावची टोपी पिवळी पडली, दात गेले, पण आवाज तोच. त्यानं मले पाह्यलं अन् उठूनच आला.

"अबे, ही मास्तरची पोरगी ना? थांबव बे रिक्शा! बबन, पान लाव. गोड लाव, सासुरवाशीण हाय."

बबननं पान आणून देल्लं. मी पैसे काढले तर हात मांगं घेतला. "मास्तरच्या पोरीपासून पैसे? पाप लागन मले."

गुलाबरावनं रिक्शाच्या दांड्याले हात ठेवला. नव्या पोरायले सांगाले लागला, अन् ती पोरं माह्याकडे कशी आदरानं पाहून राह्यली. "यायच्या बाबासारखा म्यानेजर ना झाला ना होईन. लाख माणूस! अरे, माणसाकडून चूक होते. पोरीचं लग्न होतं, घेतला उलीसा कापूस. पण वापस आणून देल्ला! भर चौकात, डोक्यावर गाठोडं घेऊन. आजकाल कोण देते वापस? सांगा बरं. शेठ देते का? पुढारी देते का?"

"नाई बा," एक पोरगा म्हणे.

"हा एक माणूस पाह्यला मी जिंदगीत."

माह्या कानात रेचे चालू झाल्यासारखं झालं. मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, साऱ्या ठेल्याले आयकू गेलं, "काका, तो कापूस माह्या मामाचा होता. देवळीचा. दोन वेच्यायचा मिसळला होता म्हणून धागा तसा होता. बाबानं क्लबाच्या बोऱ्यातलं एक बोंडही आणलं नाई. ती माही गादी होती, अन् ती त्यायनं तुमच्या क्लबाले देल्ली. तुमाले बॉल पाह्यजे होता म्हणून देल्ली."

गुलाबरावनं आयकलं. सारं आयकलं. मंग माह्या डोक्यावर हात ठेवला.

"हाव बेटा," तो म्हणे, लय मायेनं. "लेकीनं असंच म्हणावं."

बाकीच्यायनं माना हालवल्या. एकाच्याही तोंडावर राग नव्हता, का हसू नव्हतं. असतं तर भांडली असती मी. रिक्शावाल्यानं इचारलं, "चलू का, बाई?" मी पान तोंडात टाकलं. बबननं गुलकंद लय टाकलता.